शिवारात उतरायचं झालं तर

औसा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

उडताना विमानाचं इंजिन बंद पडलं तर कोणत्या रानात उतरावं, असं तू विचारलंस आणि तुझ्या आईनं माझ्या हातातून फोनच काढून घेतला. म्हणून लिहितो. पत्र तिला दाखवणार नाही.

तुझं लायसन्स आल्यापासून गावात एकच प्रश्न, पोरगी कोणत्या कंपनीत लागली? मी सांगतो, ते कमर्शियल, त्याला उडण्याचे २०० तास लागतात. हिचं प्रायव्हेट आहे, ४० तासांचं. विमान चालवायचे पैसे कुणाकडून घेता येत नाहीत. मग लोक हळहळतात. हळहळू दे. नोकरी करून स्वतःच्या पैशानं उडतेस, त्यात मला काही वावगं दिसत नाही.

आता रानाचं. तुझं सेसना १५२ इंजिनाशिवाय ६० नॉटनं, म्हणजे ताशी ११० किलोमीटरनं, सोडलं तर २००० फुटांवरून पाचेक किलोमीटर जातं, तीन मिनिटांत. तेवढ्यात रान हुडकायचं म्हणजे ते आधीच डोक्यात पाहिजे.

हिरवंगार दिसलं की त्याच्या मोहात पडू नकोस. वरून गादीसारखा दिसणारा ऊस माणसाच्या दीडपट उंच असतो. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीची खोडं लाकडासारखी टणक. या दिवसांत सगळ्यात बरं रान हरभऱ्याचं, काढणी झाली की खाली फारसं काही उरत नाही. त्याच्या खालोखाल ज्वारीचं. धसकटं टोचतील, पण चाक चालेल. नांगरट टाळ. दुसरं काही नसलंच तर नांगराच्या तासाच्या दिशेनं उतर, आडवं कधीच नको. ढेकळात पुढचं चाक रुतलं की विमान पालथं. मे महिन्यात काळ्या रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जुलैत त्याच रानात बैल फसतो. पावसाळ्यात मुरमाड माळ बघ, तांबूस दिसतो तो.

तारा वरून दिसत नाहीत म्हणतात, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच, असं धर. जिथं विहीर तिथं मोटारीची लाईन असतेच. आपल्याकडं पुष्कळ विहिरींना कठडाही नाही. वाऱ्याची दिशा कळायला धूर बघ. या महिन्यात कुणी ना कुणी बांध पेटवलेलाच असतो.

नाइट रेटिंगचं, म्हणजे रात्री उडायच्या परवान्याचं, बोललीस. शिकून घे, शिकण्याला माझी ना नाही. पण आमच्याकडं रात्री गाव सोडलं की काळं रान आणि काळं पाणी वरून एकच. वर जे लिहिलं त्यातलं काही त्या वेळी उपयोगाचं नाही. एका इंजिनाच्या विमानात हौसेसाठी रात्री उडण्यात मला अर्थ वाटत नाही. तुला वाटत असेल तर तुझं तू ठरव.

लातूरला येणार असशील तर सकाळीच उडून ये. इथली उंची २००० फुटांच्या आसपास, आणि दुपारी ४० अंश झालं की विरळ हवेमुळं विमानाला ती साडेपाच हजार फुटांसारखी वाटते, हे तूच मला समजावलं होतंस. पंख्याची ओढ कमी, इंजिनाची ताकद कमी, धावपट्टी जास्त खाणार, चढ सावकाश. त्यात दोन माणसं आणि भरलेली टाकी. तेव्हा तेल मोजूनच भर.

आई वरून नाही नाही म्हणते, पण तुझ्या शेजारी पहिली तीच बसणार, हे मला पक्कं माहीत आहे. वजन विचारशील तर ती खरं सांगायची नाही. आडतीच्या काट्यावर जोखून मीच कळवतो.

तुझे
अप्पा