इंजिन गेलं, पण गाडी ठेवतेय

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ती. बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. फोनवर ‘इंजिन गेलं’ एवढं ऐकूनच आईचा आवाज बदलला होता, म्हणून आधी हेच लिहिते. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन उभी केली, टो करून गॅरेजला नेली, कुणाला खरचटलंही नाही. ऑफिसला ट्रेनने जातेय आणि वेळेवर पोचतेय.

बाबा, ‘इंजिनातला ठोका ऐकल्यावर किती चालवलीस?’ असं तुम्ही दोनदा विचारलंत. मिनिटभरही नाही. ऑइलचा दिवा लुकलुकला आणि मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. पण ऑइल दीड लिटर कमी होतं, हे खरं. सुबारूचं हे अडीच लिटरचं टर्बो इंजिन थोडं ऑइल खातं हे माहीत असूनही महिनाभर डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली नव्हती. ऑइल कमी असलं की लांब वळणावर ते खालच्या ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं, पिकअप, म्हणजे ऑइल ओढणारी नळी, हवा ओढतो आणि बिग एंड बेअरिंगवरचा, म्हणजे रॉड क्रँकला जोडतो तिथला, ऑइलचा थर तुटतो. ऑइल फिल्टर कापून आतला कागद पिळला तर धातूची चमकी निघाली. चुंबक फिरवला, एक कणही चिकटला नाही. म्हणजे लोखंड नाही, बेअरिंगचाच धातू.

क्रँक ग्राइंड करून (घासून) त्या मापाची अंडरसाइज बेअरिंग टाकायचा तुमचा सल्ला उद्यमनगरात सोळा आणे बरोबर. इथे मजुरीमुळे गणित उलटतं. शिवाय हे आडवं बॉक्सर इंजिन. ब्लॉकचे दोन अर्धे आणि मधे क्रँक. ते अर्धे सोडवायचे तर आधी ब्लॉकच्या बाजूच्या भोकांतून पिस्टनच्या पिना ओढून काढाव्या लागतात. पुढे ग्राइंडिंग, रॉड, होनिंग, जुळणी, सगळं तासावर. त्यापेक्षा कंपनीचा नवा शॉर्ट ब्लॉक, म्हणजे आपलं हाफ इंजिन (हेड सोडून खालचा भाग), 2,900 डॉलरला पडतो. हेड जुनेच, पण तपासून: सपाटी, व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हची फट इनटेकला 0.20, एक्झॉस्टला 0.35 मिमी.

बाकीचे पार्ट 2,600, हेडचं काम 600, मजुरी 26 तासांची 4,680. एकूण 10,780 डॉलर. गाडी आहे तशी विकली तर 6,500 येतात. अशीच चालू गाडी 18,000 ची, वर दहा टक्क्यांच्या आसपास कर, म्हणजे खिशातून 13,300 जाणार आणि तिचं इंजिन आतून कसं आहे ते कोण सांगणार? रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता किंवा हेडला तडा असता तर मी विकलीच असती. खर्च 13,000 च्या वर जायला लागला तर अजूनही विकेन. हट्ट नाही, बाबा.

नवा ब्लॉक टाकूनही लोक फसतात ते या चमकीमुळे. ती ऑइलबरोबर सगळीकडे गेलेली असते. ऑइल कूलर कितीही धुतला तरी पूर्ण साफ होत नाही, तो नवाच. ऑइल पंप आणि पिकअप नवे. टर्बो उघडायचा. कॅमच्या ऑइल लाइनच्या बोल्टमध्ये बारीक जाळ्या असतात, त्या काढून बघायच्या. यातलं एक जरी राहिलं तर नवी बेअरिंग जुन्याच कचऱ्याने जातात. 2,600 पार्टवर का, याचं उत्तर हे.

जपानहून उतरवलेलं दोन लिटरचं इंजिन स्वस्तात का नाही, हे दादाने विचारलंय. त्याचं कारण इथलं स्मॉग, म्हणजे गाडीच्या धुराची सरकारी तपासणी. आपल्याकडे पीयूसीला सायलेन्सरमध्ये नळी घालतात, कागद मिळतो. इथे 2000 सालापासूनच्या पेट्रोल गाड्यांना नळी घालतच नाहीत! तपासनीस बॉनेट उघडून एकेक पार्ट बघतो. कंपनीबाहेरचा पार्ट बसवला असेल तर त्यावर राज्याच्या मंजुरीचा नंबर हवा. नसेल तर धूर कितीही स्वच्छ असो, गाडी नापास. इंजिन बदललं तर ते गाडीच्याच सालाचं किंवा नंतरचं हवं, आणि अमेरिकेत प्रमाणित झालेलं. जपानी बाजारातलं इंजिन तिथेच अडतं. मग गाडीच्या कॉम्प्युटरला वायर जोडतात. बॅटरी काढलेली असली की त्याची स्मृती पुसली जाते आणि त्याने स्वतःच्या चाचण्या पुन्हा पूर्ण करेपर्यंत गाडी वेगवेगळ्या वेगाने चालवत राहायची. आधी नेली तर परत पाठवतात. दर दोन वर्षांनी हे.

चालू करताना आधी पेट्रोल आणि स्पार्क बंद ठेवून, ऑइल प्रेशर येईपर्यंत नुसता स्टार्टर मारायचा. 50, 500 आणि 1,000 मैलांना ऑइल बदलायचं, पहिले 1,000 मैल 4,000 आरपीएमच्या आत. दर शनिवारी डिपस्टिक, तुम्ही सांगायचात तशी.

आई, दादाच्या लग्नाचे तीन लाख वेगळ्या खात्यात आहेत, त्यांना हात लावलेला नाही. पुढच्या आठवड्यात पाठवते. फक्त तीन आठवड्यांऐवजी दहाच दिवस यायला जमेल. बिनपगारी रजा आता परवडणार नाही. हळदीच्या आदल्या दिवशी पोचते, घरी लागेल ते काम सांग. सांगलीच्या स्थळाला आल्यावर भेटते, नक्की. त्यांना गाडीवरच्या खर्चाचं आधीच सांगा, लपवू नका.

बाबा, गॅरेजवाल्याला जुना ब्लॉक उघडून गेलेलं बेअरिंग काढून ठेवायला सांगितलंय. दोन्ही तुकडे बॅगेतून आणते. हातात घेऊन तुम्ही सांगा, मी वेळेत बंद केली होती ना?

तुमची,
मनू