एका डॉलरची पट्टी आणि टेक्सासचा कायदा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील काही विद्यापीठे आणि आरोग्य केंद्रे अमली पदार्थ तपासण्याच्या पट्ट्या तरुणांना फुकट देतात, हे व्यसनाला उत्तेजन देणे नव्हे काय, असा सवाल आपल्या पत्रस्तंभात अलीकडे एका पालकांनी केला होता. त्यांची काळजी मला समजते. मी मूळचा मिरजेचा. बावीस वर्षे पेनसिल्व्हेनियात फार्मासिस्ट म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मुलीजवळ राहण्यासाठी टेक्सासात, डॅलसच्या परिसरात आलो. ज्या पट्टीविषयी हा वाद आहे ती पेनसिल्व्हेनियात जानेवारी 2023 पासून कायदेशीर आहे, आणि टेक्सासात मात्र ती जवळ बाळगणे अजूनही गुन्हा आहे. डॅलस, आर्लिंग्टन आणि ह्यूस्टन येथील विद्यापीठांत महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलामुलींची संख्या लक्षात घेता हा विषय आपल्या वाचकांना वाटतो तितका दूरचा नाही.

ही पट्टी फेंटानिल शोधते. फेंटानिल हे मुळात औषध आहे; 1960 च्या सुमारास बेल्जियममध्ये ते तयार झाले, आणि भारतातही मोठी शस्त्रक्रिया झालेल्या कित्येकांना भूलतज्ज्ञांनी ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून दिलेले असते. मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट प्रभावी असलेला हा पदार्थ बेकायदा कारखान्यांत बनू लागला, आणि स्वस्त व तीव्र असल्यामुळे हेरॉइनपासून बनावट गोळ्यांपर्यंत सर्वत्र मिसळला जाऊ लागला. दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे मोजके कण, एवढ्याने माणसाचा श्वास थांबू शकतो. अमेरिकेत 2021, 2022 आणि 2023 या तिन्ही वर्षी ओव्हरडोसने एक लाखाहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतल्या सुमारे 70 टक्के मृत्यूंमागे फेंटानिल व त्याच्या जातीची कृत्रिम द्रव्ये होती. 2024 मध्ये हा आकडा 80 हजारांच्या आसपास उतरला. त्याचे श्रेय मी पट्टीला देणार नाही, कारण फेंटानिलचा परिणाम उलटवणारा नाकातला फवारा, नार्कॅन, 2023 पासून चिठ्ठीविना मिळू लागला आहे आणि बाजारातला मालही बदलला आहे.

आपली मुले असल्या फंदात पडत नाहीत, असे पुष्कळ पालक म्हणतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण आपल्याकडे उसन्या गोळीची एक सवय आहे, ती आठवून पाहावी. डोके दुखले, झोप आली नाही, परीक्षेचा ताण आला, की शेजारच्या खोलीतल्या मित्राकडे 'तुझ्याकडे काही आहे का रे' असे आपण सहज विचारतो. मुलगा परदेशी निघताना त्याच्या बॅगेत औषधांचा डबा भरून देणारे आईवडीलही आपणच. अमेरिकेत डॉक्टरची भेट महाग पडते, चिठ्ठीवाचून गोळी मिळत नाही, म्हणून ही सवय तिथे अधिकच पक्की होते. आपल्याकडे अल्प्रॅक्स म्हणून माहीत असलेली, चिंता कमी करणारी गोळी तिथे झॅनॅक्स या नावाने चालते, आणि अभ्यासात लक्ष लागावे म्हणून विद्यार्थी ॲडेरॉल शोधतात, ज्याचा तुटवडा असल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर 2022 मध्ये जाहीर केले होते. या दोन्ही गोळ्यांच्या हुबेहूब नकला समाजमाध्यमांवरून विकल्या जातात. माझ्या काउंटरवर एकदा एका आईने अशी गोळी आणून ठेवली होती. रंग, आकार, कोरलेला आकडा, सगळे बरोबर होते, आणि नोकरीची सारी वर्षे अशा गोळ्या मोजण्यात घालवूनही ती खरी की खोटी हे मला नुसत्या नजरेने सांगता आले नाही. पकडलेल्या बनावट गोळ्या तपासल्या असता दहांपैकी सात गोळ्यांत जीवघेणी ठरू शकेल एवढी मात्रा आढळल्याचे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने 2023 मध्ये सांगितले होते.

पट्टीची किंमत साधारण एक डॉलर. पदार्थाचा अंश पाण्यात विरघळवून त्यात ती पंधरा सेकंद बुडवायची आणि काही मिनिटांनी पाहायचे. करोनाच्या चाचणीने दोन रेघा म्हणजे धोका हे आपल्या डोक्यात पक्के बसवले आहे; इथे नेमके उलटे आहे. एक रेघ उमटली तर फेंटानिल आहे, दोन उमटल्या तर सापडले नाही. ही पट्टी मुळात लघवीतले फेंटानिल तपासण्यासाठी बनली होती, ती पदार्थ तपासायलाही चालते हे नंतर लक्षात आले.

मग ती बेकायदा कशी ठरली? 1979 मध्ये केंद्रीय अमली पदार्थविरोधी यंत्रणेने राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार केला. अमली पदार्थांशी संबंधित साहित्य, म्हणजे चिलीम, तराजू, गाळण्या आणि पदार्थाची शुद्धता तपासण्याची साधने, बाळगणे व विकणे त्यात गुन्हा ठरवले गेले, आणि एकामागून एक राज्यांनी तो उचलला. त्या काळी माल तपासणारा माणूस बहुधा व्यापारी असे, त्यामुळे तपासणीचे साधन हा धंद्याचा पुरावा मानला जाई. आज तपासणारा माणूस आपला जीव वाचवू पाहतो, तरी टेक्सासात शब्द तेच आहेत: पट्टी जवळ सापडली तर पाचशे डॉलरपर्यंत दंड, आणि दुसऱ्याला दिली तर वर्षभरापर्यंत तुरुंग.

पाचशे डॉलर म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलासाठी ते तेवढ्यावर थांबत नाही. कॅन्ससमध्ये 2010 साली ट्युनिशियाच्या एका तरुणाच्या मोज्यात ॲडेरॉलच्या चार गोळ्या सापडल्या, तो मोजाच 'साहित्य' ठरला, त्याने गुन्हा कबूल केला आणि पुढे त्याला देशाबाहेर काढण्यात आले. त्याच्याकडे तर कायम रहिवासाचा परवानाही होता. 2015 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला, पण तोवर पाच वर्षे गेली होती. हे प्रकरण पट्टीचे नव्हते, हे खरे. तरीही 'साहित्य' हा एक शब्द किती लांब जाऊ शकतो ते त्यातून कळते, आणि माझ्या ओळखीतल्या एकाही मराठी विद्यार्थ्याला मी टेक्सासात ही पट्टी बाळगण्याचा सल्ला देऊ शकत नाही, याचे कारणही हेच आहे.

टेक्सासात प्रयत्न झाला नाही असे नाही. राज्यपाल ग्रेग ॲबट यांचा पूर्वी विरोध होता, पण डिसेंबर 2022 मध्ये त्यांनी पट्टी कायदेशीर करण्यास पाठिंबा जाहीर केला. रिपब्लिकन पक्षाचेच आमदार टॉम ऑलिव्हरसन यांनी 2023 मध्ये विधेयक आणले. ते पेशाने भूलतज्ज्ञ आहेत, म्हणजे फेंटानिलशी त्यांचा रोजचा परिचय. कनिष्ठ सभागृहाने ते प्रचंड बहुमताने संमत केले आणि वरिष्ठ सभागृहात ते मतदानापर्यंत पोहोचलेच नाही. त्याच अधिवेशनात शाळांमध्ये सहावीपासून बारावीपर्यंत फेंटानिलविषयी शिकवणे बंधनकारक झाले, आणि फेंटानिल देऊन मृत्यू ओढवल्यास खुनाचा खटला भरण्याची तरतूदही झाली. धोका शिकवणे सक्तीचे आणि तो ओळखण्याचे साधन बेकायदा, ही विसंगती वरिष्ठ सभागृहाला खटकली नाही याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आता उत्तेजनाच्या मुद्द्याकडे येतो. नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे नशा करणाऱ्या 125 जणांची पाहणी झाली होती. त्यांतल्या 81 टक्के लोकांनी सेवनापूर्वी पट्टी वापरली आणि 43 टक्क्यांनी आपली पद्धत बदलली. पाहणी छोटी आहे आणि ती लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावर उभी आहे, म्हणून तिच्यावर फार भार टाकत नाही. मला अधिक पटते ते आपल्या जिल्ह्यातले उदाहरण. सांगलीत 'संग्राम' संस्थेने 1992 पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये निरोध वाटपाचे काम सुरू केले तेव्हा हेच आक्षेप कानावर पडत. भारत सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातही सुईने नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया दिल्या जातात. नव्या सुईसाठी येणारा माणूस निदान कार्यकर्त्याच्या समोर येतो, त्याला उपचाराविषयी विचारता येते. पेनसिल्व्हेनियात पट्टी मागायला आलेल्यांशी माझे बोलणे असेच सुरू झाले आहे.

पट्टीच्या मर्यादा लपवण्यात मात्र अर्थ नाही. बनावट गोळीत फेंटानिल सारखे मिसळलेले नसते. चिवड्याच्या एका मुठीत एकही शेंगदाणा येत नाही आणि दुसऱ्या मुठीत दहा येतात, तसेच गोळीच्या तपासलेल्या आणि न तपासलेल्या तुकड्यांचे होऊ शकते. फेंटानिल किती आहे हे पट्टी सांगत नाही, आणि निटाझिन नावाची नवी, तितकीच घातक द्रव्ये तिला दिसत नाहीत. म्हणून दोन रेघा उमटल्या तरी गोळी सुरक्षित आहे असे मी कोणालाही सांगणार नाही. एक रेघ उमटली तर ती कचऱ्यात जावी, एवढेच पट्टीचे काम, आणि तेवढ्यासाठी ती कायदेशीर असायला हवी.

टेक्सासच्या विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, 140 दिवसांचे असते, आणि पुढचे जानेवारी 2027 मध्ये सुरू होईल. आपल्या विद्यार्थ्यांना तिथे मत नाही, पण त्यांचे काका, मावश्या आणि मंडळांतले जुने सभासद मतदार आहेत. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आरोग्यविषयक टेबल मांडले जाते, त्यावर नार्कॅन ठेवता येते, पट्टी ठेवता येत नाही. यंदा त्या टेबलावर सिनेटरला, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहातील आपल्या भागाच्या आमदाराला, पाठवायच्या पत्राचा मसुदा ठेवावा, असे मी मंडळाला सुचवले आहे. ज्या वाचकांचे आप्त टेक्सासात नागरिक आहेत, त्यांनी पुढच्या फोनवर एवढे त्यांच्या कानावर घालावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट
डॅलस परिसर, टेक्सास (मूळ गाव मिरज)