आंतरराष्ट्रीय परवाना ‘असल्यास उत्तम’ नव्हे, असलाच पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील युरोपात स्वतः मोटार चालवत हिंडण्याविषयीचा लेख वाचून अतिशय मनस्ताप झाला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. लेखकाने तेथील घाटांचे आणि तलावांचे वर्णन सुरेख केले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ‘समृद्धीवर गाडी चालवलेल्या माणसाला युरोपात काहीच अवघड नाही’ हे विधान आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याची ‘असल्यास उत्तम’ अशी केलेली बोळवण, या दोन्ही गोष्टी आपल्या दैनिकात तपासल्याविना छापल्या जाव्यात, हे मला पटलेले नाही.

या ‘असल्यास उत्तम’चा अनुभव आमच्या कुटुंबाने इटलीत घेतलेला आहे. लातूरला राहणारा माझा पुतण्या, त्याची पत्नी, त्यांची दोन लहान मुले आणि मी असे सारे मिलानच्या विमानतळावर उतरलो, तेव्हा भाड्याच्या मोटारीचे आरक्षण आणि त्याचे पैसे भरल्याची पावती आमच्या हाती होती. ‘आपला स्मार्ट कार्ड परवाना इंग्रजीत असतो, तो जगभर चालतो,’ असे ट्रॅव्हल एजंटने निघण्यापूर्वी ठासून सांगितले होते. काउंटरवरील बाईंनी मूळ परवाना पाहिला, त्यासोबतचा आंतरराष्ट्रीय परवाना मागितला आणि तो नाही म्हटल्यावर आरक्षणाच्या कागदावरील अट शांतपणे बोटाने दाखवली. गाडी मिळाली नाही आणि भरलेले पैसेही परत मिळाले नाहीत. पुतण्याने तिथूनच एजंटला फोन लावला, तेव्हा त्या गृहस्थांनी ‘त्यांना थोडे पैसे देऊन बघा’ असा सल्ला दिला. लहान लेकरांना आणि एवढ्या सामानाला घेऊन परक्या देशात उभे असलेल्या माणसाला हे उत्तर मिळावे, याचा संताप मला आजही आवरत नाही. पुढचा सारा प्रवास आम्ही रेल्वेने केला.

पहिल्यांदाच हा परवाना काढायचा असेल तर तो भारत सोडण्यापूर्वी आपल्याच परिवहन कार्यालयातून घ्यावा लागतो, तिकडे पोहोचल्यावर मिळत नाही, हे त्या लेखात एका ओळीत सांगता आले असते. त्यासाठी नमुना ४-अ चा अर्ज आहे, 1000 रुपये शुल्क आहे आणि ‘सारथी’ संकेतस्थळावरून अर्ज करण्याची सोय आहे. परवान्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते आणि तो मूळ परवान्यासोबत दाखवला तरच ग्राह्य धरला जातो. इंग्लंडसारख्या काही देशांत पर्यटकाला मूळ भारतीय परवान्यावर वाहन चालवता येते हे खरे आहे, पण एका देशाचा नियम दुसऱ्या देशात लागू होत नाही आणि गोंधळ होतो तो नेमका इथेच.

आता समृद्धीविषयी. माझा पुतण्या जालन्याहून नागपूरला या महामार्गाने नेहमी जातो आणि तो उत्तम चालक आहे. मिलानच्या त्या प्रकारानंतर पुढच्या वर्षी तो रीतसर परवाना काढून पुन्हा गेला, तेव्हाही मी सोबत होते. मोठ्या रस्त्यावर त्याला खरोखर काही जड गेले नाही, कारण पुढे-मागे वाहने असली की त्यांच्या सोबतीने माणूस आपोआप योग्य बाजूने चालतो. धोका होता तो सकाळी, मुक्कामाच्या वाहनतळातून रिकाम्या गल्लीत बाहेर पडताना. तेथे वाहतूक उजव्या बाजूने चालते. रस्त्यावर एकही वाहन नसल्यामुळे गाडी जन्माच्या सवयीने डाव्या बाजूला गेली आणि वळणावरून समोर व्हॅन आली. व्हॅनवाल्याने वेळीच ब्रेक लावला म्हणून आम्ही वाचलो. चालक डावीकडे बसतो, गिअर उजव्या हाताने टाकायचा असतो आणि वळणाचा दिवा लावायला जावे तर पुष्कळदा वायपर सुरू होतो. आपण गोल चौकात शिरताना उजवीकडे पाहतो, तिथे मात्र चौकातले वाहन डावीकडून येते आणि त्यालाच आधी जाऊ द्यावे लागते. आपल्याकडे अनेक जण समृद्धीच्या उजव्या मार्गिकेत तासन्‌तास गाडी ठेवून निवांत जातात. तेथील द्रुतगती मार्गांवर ओलांडण्यापुरतेच डावीकडे यायचे आणि लगेच उजवीकडे परतायचे असते. यातले काहीही ताशी 120 च्या वेगाने सरळ रस्त्यावर गाडी हाकून शिकता येत नाही. थायलंड, मॉरिशस, न्यूझीलंड येथे वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालते. नवख्या माणसाने सुरुवात तिथून करावी, असे तरी लेखकाने सुचवायला हवे होते.

दंडाचा तर लेखात उल्लेखच नाही. फ्लोरेन्ससारख्या शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या वाहनांना बंदी असते, कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येते. शिवाय गाडी देणारी कंपनी आपले वेगळे शुल्क कार्डावरून कापते. स्वित्झर्लंडमध्ये गावात ताशी 50 ची मर्यादा अगदी पाच किलोमीटरने ओलांडली तरी 40 फ्रँक दंड आहे.

या पत्रात आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, ती म्हणजे लेखासोबतचे छायाचित्र. त्यात पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर तीन-चार वर्षांचे मूल बसलेले आहे आणि पट्टा दोघांपैकी कोणालाही नाही. स्वित्झर्लंडमध्ये बारा वर्षांखालील, 150 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला विशेष आसनाशिवाय मोटारीत बसवणे हा गुन्हा आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यातही 2019 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन बंधनकारक आहे. अपघाताच्या धक्क्यात मांडीवरचे मूल कोणत्याही आईच्या हातांना धरून ठेवता येत नाही. मी आयुष्यभर शाळेत शिकवले आहे; वर्तमानपत्रात छापलेले चित्र लोक किती सहज प्रमाण मानतात, हे मी जाणते. ते छायाचित्र निवडणाऱ्याच्या हे लक्षात यायला हवे होते.

दिवाळीच्या सुट्टीसाठी आपल्या भागातील बरीच कुटुंबे आत्ताच आरक्षणे करीत आहेत. तरी येत्या रविवारी त्याच पानावर परवान्याची चौकट आणि छायाचित्राबद्दलचा खुलासा छापावा, आणि तो शक्यतो जाहिरातींच्या खालच्या कोपऱ्यात न टाकता लेखाइतक्याच ठळकपणे द्यावा, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई