खालचं वावर राहू द्या

ती. बाबा, ती. आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली, पण दरवेळी आई म्हणाली, "आधी जेवलीस का?" आणि राहूनच गेलं. म्हणून लिहायलेय. रागावू नका. इग्नूच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगची प्रवेश परीक्षा दिली होती, नाव लागलं. सोमवारी फी भरली.

बाबा, तुमच्या मनात रेग्युलर कॉलेजचा कोर्स होता. तो कोर्स 2 वर्षांत होतो, हा 3 वर्षांचा, कबूल. पण रेग्युलरला नोकरी सोडावी लागली असती आणि तुम्ही खालचं वावर विकायला काढलंच असतं. नाही म्हणू नका. ताईच्या वेळी वरचं गेलं, तेव्हा कितीतरी दिवस तुम्ही त्या बांधावरून गेला नाहीत, ओढ्याकडून फिरून यायचात. मी लहान होते, पण बघत होते. इथं पगार चालू राहतो. वाचायचं खोलीवर, प्रॅक्टिकलला तेवढं सेंटरवर जायचं. पदवी बी.एस्सी.चीच. एम.एस्सी. मात्र नोकरी सांभाळून होत नाही, ते तेव्हा बघू. डिप्लोमावर 8 वर्षं आयसीयूत काढली, मी शिकवलेल्या पोरी पदवीवर इन्चार्ज झाल्या. हे तुम्हाला कधी बोलले नव्हते.

सुट्ट्या मात्र प्रॅक्टिकलमध्ये जाणार. पाडव्याला येणं होणार नाही. येळवशीच्या अमावस्येला नक्की, आत्ताच सांगून ठेवलंय. आई, शेतात जाताना आंबिलीचं गाडगं मांडीवर धरायचं काम माझं असतं, ते दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

जेवणाचं ठीक आहे. मेसच्या मावशी ज्वारीची भाकरी करतात. तुझ्यासारखी पातळ नाही, पण पोट भरतं. नाइट करून आले की आधी झोपेन, मग पुस्तक. शप्पथ.

बाबा, आता ऐका. इन्सुलिन फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवायचं, बर्फाजवळ नाही. बाटली उघडली की तारीख टाका. 28 दिवसांनी उरलेलं फेकायचं, पैसे गेले म्हणून हळहळायचं नाही. बेंबीच्या उजवीकडं रोज त्याच जागी टोचून गाठ झालीय, संक्रांतीला मी हात लावून बघितलीय. गाठीत दिलेलं औषध नीट लागत नाही. दोन बोटं सरकून टोचा, बाजू बदला. तुरीच्या धसकटांत अनवाणी जाऊ नका, पायाला लागलेलं तुम्हाला कळत नाही. आई, दिवेलागणीला त्यांचे तळवे बघत जा. ते ओरडतील, ओरडू दे.

आणि बाबा, मागच्या आठवड्यात ज्याला बांध दाखवायला नेलं होतं, त्याला परत चहाला बोलावू नका. आईनंच सांगितलं मला. तिला काही बोलू नका.

तुमची,
धाकटी