धोतराही महादेवाला वाहतात

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात शिरपूरकडची बातमी वाचली, तुरीच्या ओळींमध्ये लावलेला गांजा पोलिसांनी उपटला, शेजारी हिरवा ढीग आणि मागे उभे राहिलेले पोलीस असा फोटो. अशी बातमी आपल्याकडे काही नवीन नाही. पण त्याच सकाळी आमच्या दुकानात एक भाऊ आले आणि हळूच विचारायला लागले की ताई ते भांगेचं तेल मिळतं का, गुडघ्याला, शुगरला, झोपेला, सगळ्याला चालतं म्हणे. आणि शेजारी बीपीच्या गोळ्या घ्यायला उभे असलेले काका एकदम भडकले, गांजेकस लोकांचं औषध विकायला लागल्या का तुम्ही म्हणून. दोघं माझ्या काउंटरवरच भांडले. एकाला त्यातून सगळं बरं होईल असं वाटत होतं आणि दुसऱ्याला त्याचं नावही ऐकायचं नव्हतं. हे पत्र त्या दुसऱ्या काकांसारख्या माणसांशी कसं बोलायचं याबद्दल आहे, कारण मी स्वतः ते फार चुकीचं बोलले होते, माझ्याच घरात.

चोपड्याला माझं आणि मिस्टरांचं मेडिकल आहे. बी.फार्म आहे मी, १४ वर्षं झाली काउंटरवर. माझ्या भावाची मुलगी, माझी भाची, सात वर्षांची आहे, तिला लेनोक्स-गॅस्टॉ नावाचा मिरगीचा प्रकार आहे. यात पोर उभ्या उभ्या एकदम कोसळतं, हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. वहिनीने जुन्या गोधडीचे तुकडे आत शिवून तिला एक जाड टोपी केलीय, कपाळावर दुहेरी थर, तरी हनुवटीवर टाक्यांच्या दोन खुणा आहेतच. तीन औषधं चालू आहेत आणि फिट थांबत नाहीत. अशात भावाने मोबाईलवरची जाहिरात बघून एक बाटली मागवली, विजया अर्काची, विजया म्हणजे भांगच, आणि घरात जेवताना विषय निघाला.

आमचे सासरे, अप्पा, माळकरी आहेत. ते ताटावरून उठलेच. आणि मी काय केलं तर त्यांच्यामागे जाऊन म्हटलं की अप्पा, अहो हे नैसर्गिक आहे, आयुर्वेदात आहे, महादेवाला सुद्धा भांग चालते मग आपल्याला काय झालं. त्यावर अप्पा शांतपणे म्हणाले, "धोतराबी महादेवले वाहतस, मंग खाशी का?"

मला उत्तर नव्हतं. आणि खरं सांगते, या प्रश्नाला उत्तर नाहीच, कारण ते बरोबर बोलत होते. नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक आहे हे कोणी फार्मसी शिकलेल्या बाईने बोलावं असं वाक्यच नाही. आयुर्वेदातसुद्धा भांग सरसकट कोणालाही दिलेली नाही, जातीफलादि चूर्णात ती आहे पण ठरलेल्या मात्रेत, आणि आपल्या औषध कायद्याच्या ई-१ यादीत भांगेचं नाव विषारी द्रव्यांमध्ये आहे, वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावी म्हणून.

दोन दिवसांनी मी परत त्यांच्याजवळ बसले, ओट्यावर, यावेळी सांगायला नाही तर विचारायला. तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते अप्पा? तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यांचा धाकटा भाऊ, ज्यांचं नावही घरात कोणी घेत नाही, तो सतराव्या-अठराव्या वर्षापासून चिलीम ओढायचा, आधी यात्रेत, मग रोज, मग एक दिवस म्हणायला लागला की विहिरीतून लोक त्याच्याशी बोलतात. अप्पा म्हणाले, "मन्हा भाऊ मन्हा डोयासमोर याडा व्हयना." १९ वर्षं सून आहे मी या घरात, मला माहीत नव्हतं.

आता या माणसाला काय सांगायचं, की तुमचा गैरसमज आहे? गैरसमज नाहीच. गांजात नशा आणणारा घटक टीएचसी, आणि कोवळ्या वयात, रोज, जास्त ताकदीचा माल ओढला तर वेड लागण्याचा धोका वाढतो हे डॉक्टर लोक पण सांगतात. २०१९ साली युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात रोज ओढणाऱ्यांमध्ये हे प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांच्या तिपटीच्या आसपास निघालं. मी अप्पांना पहिली गोष्ट हीच सांगितली, की तुम्ही बघितलं ते खरं आहे आणि तुमच्या घरात तसं झालंय म्हणून तुमच्या नातवंडांनी तर याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. त्यानंतर ते ऐकायला लागले. माझं मत असं झालंय की समोरच्याचं जे खरं आहे ते आपण आधी मोठ्याने कबूल केल्याशिवाय पुढचं एक अक्षर पण त्याच्या कानात शिरत नाही.

मग मी अफूचं उदाहरण दिलं. गल्लीतल्या एका काकांना तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झाला होता, शेवटी मॉर्फिनच्या गोळ्यांमुळे त्यांना रात्री झोप लागायची, अप्पा रोज त्यांच्याकडे बसायला जायचे. मॉर्फिन अफूचंच आहे अप्पा, म्हटलं. अफूचं व्यसन वाईट आणि मॉर्फिन औषध, दोन्ही एकाच वेळी खरं आहे की नाही? १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आल्यावर परवान्यांच्या जंजाळामुळे दुखणं सोसणाऱ्या पेशंटला मॉर्फिन मिळणंच मुश्किल झालं होतं, २०१४ ला कायद्यात दुरुस्ती करावी लागली. तोच कायदा गांजा आणि चरस बंद करतो, म्हणजे फुलोरा आणि राळ, नुसती पानं आणि बिया त्याच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग वेगळी. हे आपल्याकडे अर्ध्या लोकांना माहीत नसतं, गांजा, भांग, तेल सगळं एकाच पोत्यात.

आणि या झाडात टीएचसीच नाही, सीबीडी नावाचा दुसरा घटक आहे ज्याने नशा येत नाही. त्याच्यावर नीट चाचण्या झाल्यात. माझ्या भाचीला जो आजार आहे त्याच आजाराच्या २२५ पेशंटवर झालेली चाचणी २०१८ ला छापून आली, त्यात मी अप्पांना एकच आकडा परत परत दाखवला. शुद्ध सीबीडी जास्त मात्रेत दिलेल्या गटात कोसळण्याच्या फिट साधारण ४२ टक्क्यांनी कमी झाल्या, कमी मात्रेत ३७ टक्क्यांनी. आणि ज्यांना नुसतं चवीचं खोटं औषध दिलं होतं त्यांच्याही १७ टक्क्यांनी कमी झाल्या. हा १७ चा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो संपादक साहेब. कारण मोबाईलवर जे लोक सांगतात ना की आमच्या पोराला तेल दिलं आणि फरक पडला, त्यातला कितीतरी फरक काहीच न देता पण पडला असता. म्हणून कोणा एकाचा अनुभव पुरत नाही. पण ४२ आणि १७ मध्ये जे अंतर उरतं ते औषधाचं आहे, ते खोटं म्हणता येत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली, या आजारासाठी आणि ड्रावे नावाच्या दुसऱ्या मिरगीसाठी. मिरगी मुळासकट जात नाही त्याने. पण ज्या घरात पोर दिवसातून आठ वेळा कोसळतं त्या घरात पाच वेळा कोसळणं म्हणजे काय ते त्या आईला विचारा.

बाकी कुठे कुठे उपयोग आहे? केमोनंतरच्या उलट्या, मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मणक्याच्या आजारात आखडणारे स्नायू, मोठ्या माणसांचं जुनाट दुखणं, असं अमेरिकेतल्या नॅशनल अकॅडमीजच्या २०१७ च्या अहवालात आहे. पण दुखण्यावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने २०२१ ला सांगितलं की दुखण्यासाठी आम्ही शिफारस करत नाही, पुरावा कमी पडतो. दोन्ही सांगायला पाहिजे. शुगर, गुडघे आणि कॅन्सर बरा करायचं तर मी कुठल्याच भरवशाच्या ठिकाणी वाचलेलं नाही.

आता त्या बाटलीचं सांगते, कारण शंका घेणाऱ्यांपेक्षा मला जास्त राग तिचा आहे. ३० मिलीची बाटली, वर लिहिलंय १००० मिलिग्रॅम विजया अर्क. त्यात सीबीडी किती आणि टीएचसी किती, एक अक्षर नाही. सोबतच्या कागदावर सकाळ-संध्याकाळ दोन दोन थेंब. मी दुकानात कागदावर हिशोब मांडला. एका मिलीत साधारण २० थेंब, म्हणजे दोन थेंबात धरून चाला ३ मिलिग्रॅमच्या थोडं वर, आणि ते पण सगळाच्या सगळा अर्क सीबीडी आहे असं मानलं तर. चाचणीतली मात्रा होती दर किलो वजनामागे दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम. पोरगी २० किलोची आहे, म्हणजे दिवसाला २०० ते ४००. त्या बाटलीत कमी मात्रेने पण जेमतेम पाच दिवसांचं औषध होतं. आणि टीएचसी किती आहे ते माहीत नसताना सात वर्षांच्या पोरीच्या तोंडात थेंब टाकायचे? भावाला हे दाखवलं तेव्हा तो किती तरी वेळ कागदाकडेच बघत राहिला. त्याला मी रागावले नाही, ज्याचं पोर पडतं तो काहीही विकत घेईल, आणि हे विकणाऱ्यांना चांगलं माहीत आहे.

बाटली न उघडता आम्ही नाशिकला तिच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मला वाटलं ते फेकून देतील. त्यांनी चष्मा वर करून लेबल वाचलं आणि म्हणाले, पोरीला व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम चालू आहे ना, सीबीडीसोबत व्हॅल्प्रोएट असलं तर लिव्हरचे एन्झाइम वाढतात आणि क्लोबाझामची गुंगी वाढते, तुम्ही परस्पर दिलं असतं तर पोरगी झोपून राहिली असती आणि आपण म्हटलं असतं वा, फिट कमी झाल्या. आधी एसजीओटी, एसजीपीटी या लिव्हरच्या तपासण्या करा, चालू औषधं मी परत लावून बघतो, आणि पुढे द्यायचंच झालं तर मोजलेलं, तपासलेलं, माझ्या चिठ्ठीवर. हे आम्ही घरी येऊन अप्पांना जसंच्या तसं सांगितलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. अप्पांना सगळ्यात जास्त काय पटलं असेल तर ते आकडे नाहीत. इस्रायलचे शास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांनी १९६४ साली गांजातून टीएचसी वेगळं काढलं, आणि १९९२ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत असं निघालं की मेंदू स्वतःच तसा एक पदार्थ तयार करतो, तो मेंदूतल्या ज्या कुलुपात किल्लीसारखा बसतो, गांजातला घटक त्याच कुलुपात बसतो. त्या पदार्थाचं नाव त्यांनी ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृतातल्या आनंद शब्दावरून. अप्पांनी मला ते नाव दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, मग आमच्या भावाचं ते कुलूपच खराब झालं म्हणायचं. मी म्हटलं, तसंच काहीसं अप्पा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून घरात धाकट्या काकांचं नाव घेतलं जातं.

तुमच्याकडे विनंती एवढीच की गांजा पकडल्याची बातमी छापाल तेव्हा तो आणि औषध एक नाही हे एका ओळीत छापा, आणि आरोग्याच्या पानावर असल्या तेलाबद्दल कोणी लेख पाठवला तर त्याला आधी विचारा, कोणता घटक, किती मिलिग्रॅम, कोणत्या आजाराला, सोबत कोणतं औषध चालू असताना द्यायचं नाही. याची उत्तरं नसतील तर छापू नका. आमच्या काउंटरवर येणारे लोक तुमचं कात्रण खिशात घालून येतात, मला ते रोज दिसतं.

भाचीची लिव्हरची तपासणी सोमवारी झाली. काल संध्याकाळी हरिपाठ आटोपून अप्पा दुकानात आले, बसले पण नाहीत, काउंटरवर हात टेकवून विचारलं, "पोरना रिपोर्ट उना का?"

अजून यायचाय.

आपली नियमित वाचक,
एक औषधविक्रेती,
चोपडा, जि. जळगाव