काकाजींची लांब डिक्कीची गाडी

दर्यापूर,
१० डिसेंबर २०२५

प्रिय पिंट्या,

परवा फोनवर धड बोलता आलं नाही. वेचणीच्या बाया चुकाऱ्यासाठी ओट्यावर बसलेल्या, आणि तू तिकडून विचारत होतास की बाबांच्या गाडीचं काय करू. असलं काम दोन वाक्यांत उरकत नसतं लेका. काल मिस्त्रीला सोबत घेऊन तुझ्या घरी जाऊन आलो, गाडी वरून-खालून पाहिली. आता सावकाश लिहितो.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. माझ्याकडेही टाटांची मरिनाच आहे, आणि तुझ्या बाबांची, म्हणजे काकाजींची, पाहूनच आमच्या बाबांनी ती घेतली होती हे तुला ठाऊक आहे. माझ्या गाडीचा उजवा मागचा दिवा फुटलाय. डिक्कीचं दार वर धरणारे गॅसचे शॉकर मेलेत, त्यामुळे ते दार मी कुदळीच्या दांड्यावर टेकवतो. तुझी गाडी भंगारात निघाली तर तिचा मागचा अर्धा भाग उचलायला मी सगळ्यात पुढे असेन. तेव्हा माझा सल्ला हे लक्षात ठेवून वाच. तरीही सांगतो, भंगारात देऊ नको.

या गाडीची एक गंमत आहे. टाटांनी १९९८ च्या शेवटी इंडिका आणली, २००२ मध्ये तिला शेपूट लावून इंडिगो केली, आणि २००४ मध्ये त्या इंडिगोचं छत पार मागपर्यंत ओढून मरिना काढली. इंजिन तेच १४०५ सीसीचं. त्यामुळे दरवाज्यापासून पुढचा बहुतेक माल इंडिका-इंडिगोचा चालतो. इंडिका २०१८ पर्यंत बनत होती आणि टॅक्सीत इतक्या धावल्या, की अकोला काय नि अमरावती काय, स्पेअर पार्टवाल्याला नाव सांगायचा अवकाश, तो मागे वळून डबा काढतो. मागच्या भागाचं तसं नाही. मागचे उभे दिवे, डिक्कीची काच, मागच्या खिडक्यांच्या काचा, हे सगळं फक्त मरिनाचं. ते दुकानात मिळत नाही, कोणाच्या तरी मेलेल्या गाडीवरूनच काढावं लागतं. म्हणून या गाडीला पुढून ठोकर लागली तर मी शांत असतो, आणि मागून कोणी नुसता हॉर्न मारला तरी माझ्या पोटात गोळा येतो.

आठवतं का, काकाजींनी ती पहिल्यांदा गावात आणली तेव्हा पाराजवळ कोणीतरी म्हणालं होतं, "काकाजी, अॅम्ब्युलन्स आणली का?" काकाजी चिडले होते. पण पुढे ती तशीच चालली. रात्री-बेरात्री किती बाया तिच्यातून अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात गेल्या, त्याचा हिशेब काकूंनाच असेल. तुझ्या ताईच्या लग्नात रुखवताची पितळी भांडी, कपाटाचा आरसा आणि दोन आत्या एकाच फेरीत नेल्या होत्या. मागची सीट पाडली की तुरीच्या बियाण्याची पोती, फवारणीचा पंप, स्प्रिंकलरचे नोझल, काहीही आडवं पडतं. जीपला चढताना म्हातारी माणसं कुरकुरतात. ही बसायला खाली आहे, मोटारीसारखी चालते आणि सामान टेम्पोसारखं नेते. आपल्याकडे लोकांनी अशा गाड्यांकडे कधी नीट पाहिलंच नाही. त्यांना डिक्कीचा वेगळा डबा दिसला की ती मोठ्या माणसाची गाडी वाटते.

आता तुझ्या गाडीची हालत. काकाजी गेल्यापासून ती गोठ्याशेजारच्या टिनाखाली उभी आहे. वर काकूंनी मायेनं प्लास्टिकची ताडपत्री घातलीय, आणि नेमकं तेच बाधलं. पावसाळ्यात आत वाफ कोंडली, छताच्या कापडाला बुरशी आली. साधी जुनी चादर असती तर हवा खेळली असती. एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आत उंदरांनी सरकीसकट कापसाचा बिछाना केलेला. दोन-तीन वायरी कुरतडल्यात. बॅटरी गेली. हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे मागची चाकं जाम आहेत, ड्रम खोलूनच सुटतील. गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक सोडून चाकांना दगड लावायचे असतात. काकूंना ते कोण सांगणार?

मी म्हटलं, माझ्या गाडीची बॅटरी लावून चालू करून तर पाहू. मिस्त्रीनं माझा हातच धरला. म्हणाला, "बेल्ट बदलल्याबिगर सेल्फ मारू नका भाऊ. तुटला तं वाल पिस्टनवर येतीन, मंग इंजीनच गेलं समजा." खरं आहे त्याचं. या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह (मिस्त्रीचे 'वाल') एका तालात ठेवणारा टायमिंग बेल्ट आहे, साखळी नाही. बेल्ट रबराचा, त्याला किलोमीटरसारखंच वयही असतं; उभ्या गाडीतही तो वाळतो. काकाजींच्या डायरीत पानापानावर तेल बदलल्याच्या नोंदी आहेत, बेल्टची शेवटची नोंद फार जुनी आहे. म्हणून त्यानं स्पॅनर लावून इंजिन हातानंच फिरवून पाहिलं. मोकळं फिरलं. मग तोच म्हणाला, "इंजीन तं ठणठणीत हाये. हे उभी ठेवली ना, तेनंच मारलं हिले."

कामाचा क्रम त्यानं असा सांगितलाय: आधी बेल्ट, आणि तो उघडलाच आहे तर तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपही त्याच वेळी, कारण पुन्हा तेवढंच खोलायची मजुरी दुसऱ्यांदा कशाला द्यायची. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाकायचं, फिल्टरच्या बुडाशी साचलेलं पाणी सोडायचं. मग ब्रेक: मागचे ड्रम, सिलेंडरचे रबर, आणि ब्रेक ऑइल पूर्ण नवं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, उकळायला लवकर येतं. गाडी धावो न धावो, दोन वर्षांनी ते बदलावंच. हे सगळं झाल्यावर सेल्फ मारायचा.

टायर मात्र चारही टाक. नक्षी छान दिसतेय म्हणून काकू म्हणत होत्या, "नवेच तं आहेत बाप्पा." मी बाजूवर छापलेला आकडा पाहिला: ३२१७. म्हणजे २०१७ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातले. कडेला बारीक भेगा पडल्यात. शेताच्या पांदणीवर ते अजूनही चालतील, पण आता अमरावती-अकोला रस्ता पहिल्यासारखा खड्ड्यांचा राहिलेला नाही. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत केलं आणि गिनीजमध्ये नाव गेलं, तोच तो रस्ता. अशा रस्त्यावर गाडी आपोआप नव्वदवर जाते, आणि आपल्या मे महिन्यात तापलेल्या डांबरावर म्हातारा टायर कधी फुटेल सांगता येत नाही.

आता पाण्याचं. आपण खारपाण पट्ट्यातले, जमिनीखालचं पाणीच खारं. पूर्णेच्या या काठावर बोअरचं पाणी माणसाला चालत नाही, तिथे गाडीला काय चालणार? रेडिएटरमध्ये ते पाणी गेलं की आत क्षार धरतात, नळ्या बुजतात, आणि मग उन्हाळ्यात काटा वर चढू लागला की लोक इंजिनाला शिव्या देतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बस, तिसरं काही घालायचं नाही. कूलंट थंडीसाठी असतं असा आपल्याकडे समज आहे. इथे त्याचा उपयोग गंज रोखायला आणि पाण्याचा उकळबिंदू वर न्यायलाच जास्त. धुण्याचंही तेच. बोअरच्या पाण्यानं गाडी धुऊन तशीच वाळवली तर पायदानाखालच्या पत्र्यात आणि चाकांच्या कमानीत मीठ बसतं. काळी माती आधीच तिथे घट्ट बसून ओल धरून ठेवते. काकाजी शेवटची बादली शहानूर धरणाच्या नळाच्या पाण्याची ओतायचे, म्हणून वीस वर्षांच्या मानानं तुझ्या गाडीचा पत्रा माझ्यापेक्षा चांगला आहे. मी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं खालून ठोकून पाहिलं, फक्त डाव्या मागच्या कमानीशी आवाज बद्द येतो.

थंडीत सकाळी धूर सोडून कुरकुरली तर घाबरू नको, इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लग तपासायचे. आणि टर्बो आहे, म्हणून लांबून आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, अर्धा मिनिट शांत चालू ठेवायची. जुन्या पद्धतीचा डिझेल पंप हे या गाडीचं मोठं सुख. नोझल-पंपवाला मशीनवर लावून तो दुरुस्त करतो, कॉम्प्युटर जोडायची भानगड नाही.

या आकाराच्या गाडीत काही गोष्टी सांभाळाव्या लागतात, त्या कोणी सांगत नाही. माणसं आणि सामान एकाच खोलीत असतात. फवारणीच्या औषधाचे डबे मागे ठेवून काचा लावून एसी चालू केला तर ते सगळं आपल्याच नाकात जातं. माझ्याकडे औषध गाडीत येतच नाही, दुचाकीवर येतं. लांब पाइप भरून मागचं दार अर्धवट उघडं ठेवून चालवायची सवय सगळ्यांना आहे. तीही वाईट, सायलेन्सरचा धूर उलटा आत ओढला जातो आणि आपल्याला कळतही नाही. आणि पोती नुसती रचू नयेत, बांधावीत. करकचून ब्रेक मारला तर तुरीचं पोतं पाठीमागून येतं.

कागदांचं बघ, कारण खरी घाई तिथेच आहे. गाडी मार्च २००६ ची. पंधरा वर्षं झाल्यावर काकाजींनी २०२१ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण केलं होतं, हरित कराची ३५०० ची पावती डायरीत आहे. ही पाच वर्षं मार्च २०२६ मध्ये संपतात. त्या वेळी फी ६०० होती. २०२२ च्या एप्रिलपासून ती ५००० झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. उशीर केला तर दर महिन्याला वर ५००. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर जी बंधनं आहेत ती आपल्याकडे नाहीत, पुण्यातलं कोणी सांगेल त्यावर जाऊ नको. पण त्याआधी गाडी वारसाच्या नावावर हवी. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलायचा फॉर्म ३१ भरायचा, असा नियम. मुदत टळलीच आहे, काय दंड पडेल तो भरू. विमा नुसता थर्ड पार्टी काढ. १००० ते १५०० सीसीला २०२२ मध्ये ३४१६ रुपये आणि वर जीएसटी असा दर ठरला होता. एवढ्या जुन्या गाडीला पूर्ण विमा काढून हाती फार काही येत नाही. नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावायची आहे, तिचा २०२५ मधला दर ७४५ अधिक जीएसटी. पीयूसी मात्र दर सहा महिन्यांनी.

हे सगळं जोडलं तर गाडीच्या बाजारभावाच्या जवळ खर्च जातो, हे मीही जाणतो. म्हणून तो हिशेब मी करत नाही. मी विचारतो, हिला रोज कोण चालवणार? तू तिला पुण्याला न्यायचं बोललास. पिंट्या, तिथे ती बिल्डिंगच्या तळघरात उभी राहील, तू महिन्यातून एकदा धूळ पुसशील, आणि दोन वर्षांनी तिथल्या उंदरांना बिछाना मिळेल. बाबांची आठवण म्हणून ठेवायची असेल तर डायरी ने. गाडी तुझ्या धाकट्या चुलतभावाला दे. शेत तोच पाहतो, काकूंना दवाखान्यात तोच नेतो, आणि हातानं सावकाश चालवणारा पोरगा आहे. फक्त त्याला एक बजाव: खासगी नंबरच्या गाडीत भाडं घेऊन माणसं न्यायची नाहीत, काही घडलं तर विमावाला हात वर करेल. त्याला नको असेल तर चालू हालतीत विक, उभी विकू नको. उभ्या गाडीला भंगाराचाच भाव येतो.

पहिल्या दुरुस्तीचा खर्च तू उचल, तो त्याच्यावर टाकू नको. पुढचं तो पाहील. बेल्टचं सामान मी शुक्रवारी अकोल्याहून आणतो, पैसे आल्यावर दे. येताना मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती आण, ताईचं संमतीपत्र घे, आणि आरसी बुक काकाजींच्या लोखंडी कपाटात नसेल तर डायरीच्या कव्हरमध्ये पाहू. काकूंनी निघताना मला ओट्यावर अडवून विचारलं, "यायच्या हातची गाडी आहे, पिंट्या विकून तं नाही टाकणार?" मी काही बोललो नाही. तू त्यांना आधी फोन कर. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मीच तुझं मन वळवलं.

हरभरा बरा आहे. तुरीला फुलोरा चांगला होता, आता ढगाळ वातावरणानं अळीची भीती वाटते. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या