अख्ख्या भाकरीसाठीचं रडणं

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदया,

सातारा जिल्ह्यात मी बरीच वर्षं अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते. पुढे पदाचं नाव पर्यवेक्षिका झालं, एसटी तीच राहिली. आता निवृत्त आहे आणि साडेतीन वर्षांच्या नातवाच्या हाताखाली काम करते. मानधनासाठी हे पत्र नाही. ती मागणी सेविका स्वतः लावून धरतात आणि ती रास्तच आहे. मला लिहायचंय ते मुलांच्या रडण्याबद्दल.

माण तालुक्यातल्या एका वस्तीवर गृहभेटीला गेलो होतो. चुलीपुढे आई भाकऱ्या थापत होती. तीन वर्षांच्या पोराला भाकरी दिली, पण गरम होती म्हणून तिनं मोडून दिली. झालं! त्याला अख्खी हवी होती. दुसरी अख्खी पुढे केली तर तीही नको, हीच जोडून दे. पोरानं भोकाड पसरलं, जमिनीवर लोळण घेतली, ताटली भिरकावली. आईनं पाठीत धपाटा घातला. आजी म्हणाली, "पोरीवाणी काय रडतो?" चुलत्यानं खिशातून मोबाइल काढला.

माझ्याबरोबरच्या सेविकाताई खाली बसल्या, पोराच्या डोळ्यांच्या पातळीला. म्हणाल्या, "अख्खी पायजे हुती व्हय? मोडली. लई राग आला." बस, एवढंच. पोरगं आणखी जोरात रडलं. त्यांना मारायला हात उचलला तेव्हा त्यांनी तो अलगद धरला, "रडायचं तर रड, पर मारायचं न्हाई." आणि गप्प बसून राहिल्या. तव्यावर पुढच्या दोन भाकऱ्या फुगून उतरेपर्यंत हे चाललं. मग हुंदके आले, मग पोरगं त्यांच्या मांडीत, आणि मग तीच मोडकी भाकरी खाल्ली. परतताना मी विचारलं, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलात? त्या हसल्या. प्रशिक्षणात नव्हतंच ते.

त्यांनी लाड केले नाहीत, भाकरीही जोडून दिली नाही. त्या वयात काय हवं, काय नको हे मुलाला पक्कं कळतं, पण ते सांगायला शब्द तोकडे असतात, आणि आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते. तोवर आवर घालायचं काम जवळच्या मोठ्या माणसानं उसनं द्यायचं असतं. तोच माणूस ओरडायला लागला तर मुलानं ते आणायचं कुठून? पोर उपाशी किंवा झोपेला आलेलं असेल, मग तर विचारूच नका. तेव्हा समजावून सांगणंही वाया जातं. जे बोलायचं ते नंतर, शांत झाल्यावर, तेही दोन वाक्यांत.

आपल्या घरांत याऐवजी काय चालतं ते आपण सगळ्या जाणतो. मूल पडलं की "काही नाही झालं, मुंगी मेली बघ!" रडलं की बागुलबुवा. तो जुना झाला की "गप बस, नाहीतर नर्सबाई सुई टोचेल." आणि लसीकरणाच्या दिवशी तीच नर्सबाई समोर आली की पोर आईच्या पदराखाली थरथरतं, तेव्हा आपणच म्हणायचं, भित्रंय फार! मीही वेगळी नव्हते. दिवसभर इतरांच्या मुलांची वजनं घेऊन घरी आले की माझा मुलगा रडायचा, आणि मी त्याला दाराबाहेर उभं करून कडी लावायचे. परवा नातू किंचाळत असताना मुलगा उठला आणि त्याचा हात कडीकडे गेला. तिथेच थांबला. मी मान खाली घातली.

शाळेत मुलांना मारायला 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. घरातही तसाच कायदा आणा, असं मी म्हणत नाही. दिवसभर खुरपून आलेल्या बाईच्या दारात पोलीस नको, तिच्या हाताशी दुसरा उपाय हवा.

1975पासून एकात्मिक बालविकास योजना चालू आहे. आम्ही वजन, उंची, दंडघेर सगळं मोजलं आणि ते मोजायलाच हवं होतं. केंद्राच्या 2024च्या ‘नवचेतना’ आराखड्यात तीन वर्षांपर्यंतच्या मुलांशी घरी कसं खेळावं, बोलावं हे आहे. आपल्या राज्यात लहान मुलांच्या विकासासाठीच्या ‘आरंभ’ कार्यक्रमाचे पालक मेळावेही झाले. म्हणजे वाट नवी पाडायची नाही. पण वस्तीवर ते पोचतं तेव्हा त्याचा बॅनर झालेला असतो. बॅनरपुढे फोटो निघतो, फोटो चढवला जातो, बाया घरी जातात. मेळाव्याला येते ती फक्त आई, आणि तीही सकाळी अकराला, मजुरी बुडवून. तिनं शिकून आलेलं मोडीत काढायला सासूचं एक वाक्य पुरतं: "आम्ही नाही का पोरं वाढवली?"

म्हणून मागणं असं. महिन्यातून एक पालक बैठक संध्याकाळी ठेवा, बाप आणि आज्या घरी असतात तेव्हा, आणि सेविकेला त्या वेळेचा वेगळा भत्ता द्या. तिथे मुलाच्या रागावर अर्धा तास बोलणं व्हावं. भाषण नको, करून दाखवायचं. एकीनं पोर व्हायचं, एकीनं आई. आज्या यात भन्नाट काम करतात, मी पाहिलंय. राग, रुसवा, हिरमोड, हेवा, धास्ती असे किती शब्द आपल्याकडे आहेत, आणि मुलाला आपण एकच शिकवतो, "गप."

दुसरं, सेविकेचा वेळ मोकळा करा. नेटवर्क नसलेल्या वस्तीवर शिधा घ्यायला आलेल्या आईची ओळख चेहऱ्यावरून फोनमधल्या सरकारी अ‍ॅपला पटवण्यात तिची सकाळ जाते. मागे वीस-पंचवीस पोरं, त्यातलं एक लोळण घेतंय. त्याच्याजवळ खाली बसायला तिला दहा मिनिटं कुठून मिळणार?

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पाटीवरचा ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला आहे.

यातलं काही मनावर घेतलंत तर एक विनंती. अ‍ॅपमध्ये ‘या महिन्यात रडलेली मुले’ असा रकाना तेवढा उघडू नका.

आपली,
एक निवृत्त पर्यवेक्षिका